मानचिन्हामागची तपासणी

बंगळुरूहून तुमकुरूकडे निघाले की यशवंतपूर ओलांडल्यावर पीण्या औद्योगिक क्षेत्र सुरू होते. १९७०च्या दशकात वसलेल्या या वसाहतीत आज हजारो लहान-मोठे कारखाने आहेत. कुठे सीएनसी मशीनवर सुटे भाग कातले जातात, कुठे साचे आणि फिक्स्चर बनतात, कुठे प्लेटिंग आणि पावडर कोटिंग चालते, कुठे तयार कपडे शिवले जातात. इस्रोचे इस्ट्रॅक केंद्रही याच वसाहतीत आहे. याच रस्त्याने आणखी पुढे, मादावर इथे, बंगळुरू आंतरराष्ट्रीय प्रदर्शन केंद्र लागते. देशातल्या मशीन टूल उत्पादकांच्या संघटनेने ते उभारले आणि ‘इमटेक्स’ हे यंत्रांचे मोठे प्रदर्शन तिथेच भरते. ९ ऑक्टोबर २०२२ रोजी याच केंद्रात ६७वा फिल्मफेअर साउथ पुरस्कार सोहळा झाला. कन्नड विभागात ‘ॲक्ट १९७८’ सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला, धनंजय यांना अभिनयाचा पुरस्कार मिळाला आणि आदल्या वर्षी अकाली गेलेल्या पुनीत राजकुमार यांचा मरणोत्तर जीवनगौरव झाला.

पीण्यातल्या कुठल्याही बऱ्या कारखान्यात एक शिस्त पाळली जाते. माल बनवणारा स्वतःच त्यावर ‘पास’चा शिक्का मारत नाही. तपासणीचा माणूस वेगळा असतो, मापे आधी ठरलेली असतात आणि माल नापास झाला तर कारण लेखी नोंदले जाते. चित्रपट आणि मालिकांच्या वार्षिक पुरस्कारांकडे पाहताना हीच कसोटी लावावी, असे मला ठामपणे वाटते. निवड कोण करतो, कोणत्या मापाने करतो आणि कौतुक नेमके कोणाकोणापर्यंत पोहोचते, हे तीन प्रश्न विचारले की सोहळ्याचा झगमगाट बाजूला होतो आणि त्याची खरी किंमत दिसू लागते. मराठी चित्रपटाला या कसोटीवर बरीच चांगली परंपरा लाभली आहे. मराठी मालिकांच्या वाट्याला मात्र ती अजून पुरेशी आलेली नाही.

राष्ट्रीय पुरस्कार : परीक्षक मंडळाची ताकद

राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार १९५४ साली, आदल्या वर्षीच्या चित्रपटांसाठी सुरू झाले. पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला मिळाले. त्यानंतर मराठीला या सर्वोच्च पुरस्कारासाठी पन्नास वर्षे थांबावे लागले. २००३च्या पुरस्कारांत संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ने ते पदक, आता सुवर्णकमळाच्या रूपात, परत आणले. पुढे ‘देऊळ’ (२०११), ‘कोर्ट’ (२०१४) आणि ‘कासव’ (२०१६) यांनी ते मिळवले. मधल्या काळात कन्नड चित्रपट आपल्या फार पुढे निघून गेला होता. ‘संस्कार’ (१९७०), ‘चोमन दुडी’ (१९७५), ‘घटश्राद्ध’ (१९७७), ‘तबरन कथे’ (१९८६), ‘ताई साहेबा’ (१९९७) आणि ‘द्वीप’ (२००१) ही कन्नडची सहा सुवर्णकमळे. त्यांतली चार एकट्या गिरीश कासरवल्ली यांची.

मराठी आणि कन्नड या शेजारी भाषांचे चित्रपट तसे पहिल्यापासून एकमेकांत गुंतलेले आहेत. ‘सती सुलोचना’ हा १९३४चा पहिला कन्नड बोलपट कोल्हापुरात चित्रित झाला. हुबळीजवळच्या शांता हुबळीकर प्रभातच्या ‘माणूस’मधून मराठी प्रेक्षकांच्या घराघरांत पोहोचल्या. माथेरानला जन्मलेले गिरीश कार्नाड ‘संस्कार’मध्येही होते आणि ‘उंबरठा’मध्येही. २०११ साली ‘देऊळ’ने सुवर्णकमळ वाटून घेतले तेही कर्नाटकाच्या किनाऱ्यावरच्या ब्यारी भाषेतल्या ‘ब्यारी’ या चित्रपटाबरोबर.

या पुरस्कारांचे वजन त्यांच्या पद्धतीत आहे. वर्षभरात सेन्सॉर प्रमाणपत्र मिळालेले चित्रपट स्पर्धेला येतात. प्रादेशिक समित्या पहिली निवड करतात आणि अंतिम निर्णय केंद्रीय परीक्षक मंडळ घेते. चित्रपटाने किती गल्ला जमवला हा मुद्दाच नसतो. त्यामुळे मोजक्या थिएटरांत लागलेला चित्रपटही कोट्यवधींच्या चित्रपटासमोर बरोबरीने उभा राहतो. ‘श्वास’च्या बाबतीत या निर्णयाचा परिणाम साऱ्या महाराष्ट्राने पाहिला. तो ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका ठरला तेव्हा अमेरिकेतल्या प्रचाराच्या खर्चासाठी लोकांनी वर्गणी काढली. एका छोट्या चित्रपटाला समाजाने आपला मानले, याची सुरुवात परीक्षकांच्या त्या निवडीपासून झाली.

या मंडळाचे सगळेच निर्णय वादातीत असतात असे नाही. नेमणुका सरकार करते, म्हणून मंडळ बदलले की रुची बदलते आणि कधी कधी राजकीय वाराही जाणवतो. तरीही परीक्षकांची नावे जाहीर असतात आणि टीका करायला समोर कोणीतरी असते. गेल्या काही वर्षांतली मराठी निवड पाहिली तर तिची विविधताही दिसते. ६८व्या पुरस्कारांत ‘गोष्ट एका पैठणीची’ सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला आणि ‘मी वसंतराव’साठी राहुल देशपांडे यांना गायनाचा पुरस्कार मिळाला. ७०व्या पुरस्कारांत ‘वाळवी’ची निवड झाली. २०२५ साली जाहीर झालेल्या ७१व्या पुरस्कारांत हा मान सुजय डहाके यांच्या ‘श्यामची आई’ला मिळाला. साने गुरुजींच्या एकाच पुस्तकावरचे दोन चित्रपट सात दशकांच्या अंतराने सन्मानित व्हावेत, यातून मराठी चित्रपटाचे साहित्याशी असलेले नाते किती घट्ट आहे ते कळते.

राज्य पुरस्कार : पूर्वसुरींची नावे

महाराष्ट्र शासनाचे चित्रपट पुरस्कार १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला सुरू झाले. त्यांचे एक वैशिष्ट्य मला फार मोलाचे वाटते. इथे वेगवेगळ्या कामांचे पुरस्कार त्या कामात मोठे झालेल्या माणसांच्या नावाने दिले जातात. कला दिग्दर्शनाला साहेबमामा फत्तेलाल, छायालेखनाला पांडुरंग नाईक, गीतलेखनाला ग. दि. माडगूळकर, अभिनयाला शाहू मोडक आणि स्मिता पाटील. नवा कलावंत मंचावर येतो तेव्हा त्याच्या हातात मानचिन्हाबरोबर एक वारसाही येतो. चित्रपती व्ही. शांताराम आणि राज कपूर यांच्या नावांचे जीवनगौरवही याच परंपरेतले.

या पुरस्कारांचे सर्वांत मोठे दुखणे म्हणजे उशीर. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबईत ५६वे आणि ५७वे राज्य पुरस्कार एकाच सोहळ्यात द्यावे लागले. कर्नाटकात तर २०१९च्या चित्रपटांचे राज्य पुरस्कार जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झाले. कोविडने वेळापत्रक कोलमडले हे खरे, पण पाच वर्षांचा विलंब एका साथीने होत नाही. पुरस्कार वेळेवर मिळाला तर नव्या दिग्दर्शकाला पुढचा निर्माता भेटतो, चित्रपटाला चार खेळ जास्त मिळतात. २०१७ साली सुवर्णकमळ जाहीर झाले तेव्हा ‘कासव’ थिएटरात यायचा होता, म्हणून प्रदर्शनाच्या वेळी त्या सन्मानाचा उपयोग झाला. पाच वर्षांनी आलेल्या मानचिन्हाचा असा उपयोग कोणालाच होत नाही.

खासगी सोहळे : वर्तमानपत्रांपासून वाहिन्यांपर्यंत

देशातल्या सर्वांत गाजलेल्या खासगी पुरस्कारांची सुरुवात २१ मार्च १९५४ रोजी मुंबईच्या मेट्रो चित्रगृहात झाली. चित्रपट समीक्षक क्लेअर मेंडोन्सा यांच्या स्मरणार्थ सुरुवातीला या पुरस्कारांना ‘क्लेअर्स’ म्हटले जाई, पुढे ते फिल्मफेअर म्हणून ओळखले जाऊ लागले. पहिल्या वर्षी फक्त पाच विभाग होते. विजेत्याच्या हातात येणारी ती ओळखीची काळ्या बाईची मूर्ती शिल्पकार एन. जी. पानसरे यांनी घडवली. पुढे दक्षिणेतल्या भाषांसाठी वेगळा सोहळा सुरू झाला. मराठीसाठीचे फिल्मफेअर पुरस्कार जुने असले तरी अनेक वर्षे खंड पडून ते गेल्या दशकात नव्याने सुरू झाले. २०२० पासून ओटीटीसाठीही वेगळे फिल्मफेअर पुरस्कार दिले जातात.

मराठीत अल्फा मराठीच्या, म्हणजे आताच्या झी मराठीच्या, काळापासून चालत आलेला झी गौरव आहे. तो चित्रपट आणि नाटक या दोन्हींची दखल घेतो. महाराष्ट्र टाइम्सचा ‘मटा सन्मान’ नाटक, चित्रपट आणि मालिका यांना एका छताखाली आणतो. वाहिनीच्या बाहेरून मालिकांकडे पाहणाऱ्या मोजक्या पुरस्कारांपैकी तो एक असल्याने त्याचे महत्त्व वेगळे आहे. लोकांच्या मतांवर चालणारा ‘महाराष्ट्राचा फेव्हरेट कोण?’ हा सोहळाही लोकप्रिय आहे.

खासगी सोहळ्यांनी मराठी कलावंतांना प्रतिष्ठेचा मंच दिला, नव्या चेहऱ्यांना ओळख दिली आणि प्रेक्षकांना आपल्या भाषेच्या चित्रपटाचा अभिमान वाटावा असे क्षण दिले. हे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. अडचण आहे ती त्यांच्या अर्थकारणात. असा सोहळा आधी चित्रित होतो, मग संपादित होऊन रविवारच्या संध्याकाळी दाखवला जातो. नृत्ये, विनोदी प्रहसने आणि प्रायोजकांच्या घोषणा यांच्यात तो बेतावा लागतो. प्रक्षेपणाला मोठे चेहरे हवे असतात, म्हणून मोठे चेहरे येतील असे विभाग वाढतात. परीक्षकांची निवड आणि लोकप्रियतेचा कौल या दोन वेगळ्या गोष्टी एकाच मंचावर शेजारी उभ्या राहिल्या की प्रेक्षकाला त्यांतला फरक कळेनासा होतो.

मालिका : स्वतःच्या मालावर स्वतःचा शिक्का

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९९९ साली खासगी मराठी वाहिनी आली आणि त्यानंतरच्या पाव शतकात मालिका हा मराठी घरांचा रोजचा रिवाज झाला. रोजच्या मालिकेचे वर्षाला तीनशेच्या आसपास भाग होतात. मराठी लेखक, कलावंत आणि तंत्रज्ञांपैकी कितीतरी जणांची चूल याच उद्योगावर पेटते. इतक्या मोठ्या उद्योगाचे मूल्यमापन मात्र प्रामुख्याने वाहिन्यांच्या घरच्या सोहळ्यांत होते. झी मराठीचा ‘उत्सव नात्यांचा’ आणि ‘स्टार प्रवाह परिवार पुरस्कार’ हे दोन्ही सोहळे आपापल्या वाहिनीच्या मालिकांचा गौरव करतात. कन्नडमध्येही झी कन्नडचे ‘कुटुंब’ आणि कलर्स कन्नडचे ‘अनुबंध’ पुरस्कार याच धाटणीचे आहेत. सर्वोत्कृष्ट सून, सर्वोत्कृष्ट सासू, सर्वोत्कृष्ट जोडी अशा विभागांतून पात्रांचे कौतुक होते. आपल्या माणसांचे कौतुक वाहिनीने जरूर करावे. कुटुंबाने एकत्र येऊन आनंद साजरा करण्यात काहीच गैर नाही. पण घरच्या कौतुकाला तपासणी म्हणता येत नाही. दोन वाहिन्यांच्या दोन मालिका एकमेकींसमोर ठेवून ‘यांतले लेखन अधिक कसदार’ असे सांगणारे कोणी नसेल, तर उरते फक्त टीआरपी.

याचा सर्वांत मोठा फटका लेखकाला बसतो. आज अनेक मालिका दुसऱ्या भाषेतून येतात आणि दुसऱ्या भाषेत जातात. ‘आई कुठे काय करते’ बंगाली ‘श्रीमोयी’वरून आली. मराठी ‘तुला पाहते रे’ कन्नडमध्ये ‘जोते जोतेयली’ झाली. राष्ट्रीय पुरस्कारांत स्वतंत्र पटकथा आणि रूपांतरित पटकथा असे दोन वेगळे पुरस्कार बरीच वर्षे दिले जात, कारण दोन्हींचे कसब वेगळे आहे. मालिकांच्या सोहळ्यांत हा भेद ठळकपणे दिसत नाही. मूळ मराठीत सुचलेली गोष्ट शेजारच्या राज्यात रोज रात्री पाहिली जाते आणि ती सुचवणाऱ्याची नोंद कुठेच होत नाही, ही माझ्या मते गंभीर उणीव आहे.

स्वतंत्र मूल्यमापन झाले की काय घडते त्याचे सुंदर उदाहरण नुकतेच समोर आले. गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात २०२३ पासून सर्वोत्कृष्ट वेब मालिकेचा पुरस्कार दिला जातो. पहिल्या वर्षी तो ‘पंचायत’च्या दुसऱ्या पर्वाला मिळाला. दुसऱ्या वर्षी, २०२४ मध्ये, तो ‘लंपन’ या मराठी मालिकेला मिळाला. प्रकाश नारायण संत यांच्या कथांवरची, निपुण धर्माधिकारी यांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका बेळगावकडच्या सीमाभागातल्या एका मुलाची गोष्ट सांगते. कन्नडची लय अंगात मुरलेली मराठी, शांत गती आणि भांडणांना आणि कटकारस्थानांना पूर्ण रजा. टीआरपीच्या शर्यतीत अशा मालिकेचा निभाव लागणे कठीण होते. देशभरातल्या मालिका पाहणाऱ्या परीक्षकांनी मात्र तिचे मोल ओळखले.

इतरांकडून काय घ्यावे

केरळ राज्य चित्रपटांबरोबरच दूरचित्रवाणीचेही स्वतंत्र राज्य पुरस्कार देते. २०२१ साली तिथल्या परीक्षकांनी दर्जाअभावी सर्वोत्कृष्ट मालिकेचा पुरस्कार कोणालाच दिला नाही. त्यावर मोठी चर्चा झाली, आणि ती होणे गरजेचे होते. पुरस्कार न देण्याचा अधिकार असलेले मंडळच पुरस्काराला अर्थ देऊ शकते.

अमेरिकेतले एमी पुरस्कार १९४९ पासून दिले जातात. तिथे संपादकाच्या कामावर संपादक आणि छायालेखकाच्या कामावर छायालेखक मत देतात. कलावंत आपला एक निवडक भाग पाठवतो आणि त्यावरून त्याच्या अभिनयाचा विचार होतो. तीनशे भागांच्या मालिकेचे परीक्षण करायचे कसे, या आपल्याकडच्या नेहमीच्या शंकेला हे सोपे उत्तर आहे. ब्रिटनमध्ये चित्रपट आणि दूरचित्रवाणी यांच्या संस्था १९५८ मध्ये एकत्र आल्या आणि त्यातूनच आजची बाफ्टा घडली. पुढे दोन्हींचे सोहळे वेगळे झाले, पण निवडीचे काम सदस्य आणि ज्यूरी यांच्याकडेच राहिले.

चित्रपट आणि मालिका या दोन्हींना एकाच रात्री गौरवणाऱ्या गोल्डन ग्लोबची कहाणी इशारा देणारी आहे. १९४४ पासूनचा हा पुरस्कार हॉलिवुडमधल्या परदेशी पत्रकारांची एक छोटी संघटना देत असे. २०२१ साली तिच्या ८७ सदस्यांत एकही कृष्णवर्णीय नसल्याचे उघड झाले, आणि निर्मात्यांकडून होणाऱ्या पाहुणचाराचेही तपशील बाहेर आले. एनबीसी वाहिनीने पुढच्या वर्षीचे प्रक्षेपण नाकारले. २०२२चा सोहळा प्रेक्षक आणि प्रक्षेपणाविना उरकला. २०२३ मध्ये ती संघटनाच विसर्जित झाली आणि पुरस्कार नव्या मालकीखाली, देशोदेशीच्या तीनशेहून अधिक मतदारांसह चालू राहिला. जवळजवळ ऐंशी वर्षांची प्रतिष्ठा, निवड करणाऱ्यांची खोली बंद राहिल्यामुळे दोन वर्षांत धुळीला मिळाली.

पडद्यामागचे हात

तिसरा प्रश्न कौतुक कोणापर्यंत पोहोचते हा. भारताचे पहिले ऑस्कर एका कोल्हापूरकर बाईंना मिळाले, तेही अभिनयासाठी नव्हे तर वेशभूषेसाठी. भानू अथय्या यांना १९८३ साली ‘गांधी’ चित्रपटासाठी हा सन्मान मिळाला. वेशभूषा, ध्वनी, संकलन, रंगभूषा या कामांत भारतीय माणसे जगाच्या तोडीची आहेत हे तेव्हाच सिद्ध झाले होते. तरीही सोहळ्यांत याच विभागांवर कात्री चालते. २०२२ साली ऑस्करने आठ विभागांचे पुरस्कार प्रक्षेपणाआधीच उरकून घेतले. तंत्रज्ञांनी जोरदार निषेध केला आणि पुढच्या वर्षी ते विभाग मुख्य सोहळ्यात परत आले. आपल्याकडे २०१८ साली राष्ट्रपती फक्त ११ पुरस्कार स्वतः देणार असे ठरले, तेव्हा पन्नासहून अधिक विजेत्यांनी समारंभाला जाणे टाळले. राष्ट्रीय पुरस्कारात नट आणि ध्वनिमुद्रक एकाच पायरीवर उभे राहतात, हीच त्याची खरी शान होती. ती जपण्यासाठी ते विजेते उभे राहिले, आणि त्यांचे बरोबर होते.

बंगळुरूच्या मराठी घरातल्या एका माणसाने ही जाण फार सुंदर दाखवली. शिवाजीराव गायकवाड हे या शहरातले बस कंडक्टर. रजनीकांत म्हणून जगभर गाजल्यावर २०२१ साली त्यांना दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. मंचावर त्यांनी गुरू के. बालचंदर आणि थोरले भाऊ यांच्याबरोबर आपल्या जुन्या बसचालक मित्राचेही ऋण मानले, कारण त्यांच्यातला नट त्या मित्राने पहिल्यांदा ओळखला होता. फाळक्यांच्या नावाचा पुरस्कार अशा वेळी सर्वांत शोभून दिसतो.

आता काय करावे

या आढाव्यातून चार ठोस गोष्टी हाती लागतात.

पहिले, महाराष्ट्र शासनाने चित्रपट पुरस्कारांच्या जोडीला मालिका आणि वेब मालिकांसाठी स्वतंत्र राज्य पुरस्कार सुरू करावेत. राज्य चित्रपट पुरस्कारांची यंत्रणा सांभाळणाऱ्या महामंडळाकडे त्यासाठीचा अनुभव आहे. परीक्षकांत कोणत्याही वाहिनीच्या पगारावरची माणसे नसावीत. मूळ लेखन आणि रूपांतर यांचे विभाग वेगळे असावेत आणि दर्जा नसेल तर पुरस्कार न देण्याची मुभा मंडळाला असावी.

दुसरे, प्रत्येक निवडीमागचे कारण दोन-तीन वाक्यांत प्रसिद्ध व्हावे. नवख्या लेखकाला आणि संकलकाला त्या दोन वाक्यांतून जे शिकता येईल ते टाळ्यांच्या गजरातून शिकता येणार नाही.

तिसरे, सोहळ्याची तारीख ठरलेली असावी. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा देशातला पहिला कथापट ३ मे १९१३ रोजी प्रदर्शित झाला. दरवर्षी ३ मे रोजी आदल्या वर्षीचे राज्य पुरस्कार दिले जातील, एवढी साधी शिस्त पाळली तरी निम्मी तक्रार मिटेल. तांत्रिक विभागांचे पुरस्कार प्रक्षेपणातून वगळू नयेत, हा नियमही त्याच जाहीरनाम्यात यावा.

चौथे, प्रवेशिकेची अट भाषेची असावी, पत्त्याची नको. गोवा, बेळगाव, बंगळुरू किंवा परदेशात बनलेल्या मराठी मालिकेला आणि लघुपटालाही या स्पर्धेचे दार उघडे असावे. ‘लंपन’ने दाखवून दिले आहे की सीमेवरच्या मराठीत केवढी ताकद आहे.

वाहिन्यांचे सोहळे चालू राहतील, आणि राहावेत. प्रेक्षकांच्या प्रेमालाही एक मंच हवा असतो. पण भाषेच्या कामाचा दर्जा ठरवण्याची जबाबदारी बाजारावर सोपवून आपण मोकळे होऊ शकत नाही. चित्रपटासाठी ती जबाबदारी या देशाने १९५४ साली घेतली आणि त्यातून ‘श्वास’, ‘कोर्ट’, ‘कासव’ यांना बळ मिळाले. रोज रात्री लाखो घरांत मराठी बोलणाऱ्या मालिकांसाठी ती घेण्याची वेळ केव्हाच आली आहे.